दिसायला तंतोतंत सारख्या असलेल्या दोन ओळींपैकी एकच रेग्युलर एक्स्प्रेशनला का सापडते?

आपली अडचण मला समजली ती अशी: पायथनमध्ये आपण 'दुसऱ्या' हा शब्द, त्यानंतर मोकळी जागा आणि त्यानंतर आकडे असा पॅटर्न, म्हणजे मजकुरात शोधण्याचा नमुना (रेग्युलर एक्स्प्रेशन), लिहिला आहे. निरनिराळ्या लोकांकडून आलेल्या फाइलमधील काही ओळी त्याला सापडतात, काही सापडत नाहीत. मात्र न सापडणारी ओळ हाताने टाइप केली की लगेच जुळते. शब्दसीमा दाखवणारा बॅकस्लॅश-बी 'दुसऱ्या'च्या दोन्ही बाजूंना लावल्यावर तर एकही ओळ जुळेनाशी झाली.

हाताने टाइप केल्यावर ओळ जुळते, हाच येथील सर्वांत मोलाचा पुरावा आहे. पॅटर्न तोच आणि दिसणारा मजकूरही तोच असताना निकाल बदलत असेल, तर फरक मजकुराच्या न दिसणाऱ्या भागात आहे. अशा वेळी पॅटर्नमध्ये तारका आणि प्रश्नचिन्हे वाढवत बसण्यात अर्थ नसतो. दोन्ही ओळी कोडपॉइंटनुसार, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या युनिकोड क्रमांकानुसार, उलगडून शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्यासाठी पायथनमधील आस्की हे फंक्शन पुरेसे आहे. रेप्र हे फंक्शन वापरल्यास अदृश्य अक्षरे उघडी पडतात, पण देवनागरी अक्षरे देवनागरीतच छापली जातात आणि त्यांच्यातील फरक पुन्हा डोळ्यांना चकवतो. कोणत्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नेम हे फंक्शन सांगते.

आपण दिलेल्या दोन्ही ओळी मी अशाच उलगडून पाहिल्या. जुळणाऱ्या ओळीत 'दुसऱ्या' या शब्दाचे ७ कोडपॉइंट आहेत आणि त्यातील 'ऱ' हे यू+०९३१ असे एकसंध अक्षर आहे. न जुळणाऱ्या ओळीत त्याच शब्दाचे ८ कोडपॉइंट भरतात, कारण तेथे साधा 'र' म्हणजे यू+०९३०, मग हलन्त म्हणजे यू+०९४डी आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य अक्षर, यू+२००डी, असा क्रम आहे. पडद्यावर दोन्हीकडे तोच आडवा अर्धा र उमटतो, पण रेग्युलर एक्स्प्रेशन आकार पाहत नाही, क्रमांक पाहते.

येथे सहसा एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी युनिकोड रूपे एकसारखी करणे, हा सल्ला दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी जोडी असेल तर एनएफसी तिचे यू+०९३१ करून देते. जॉइनर वापरून लिहिलेल्या रूपाला मात्र ते हातही लावत नाही. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे सगळे जॉइनर सरसकट काढून टाकणे. तो मला घातक वाटतो, कारण जॉइनर गेल्यावर 'र' आणि हलन्त यांचा रफार होऊन पुढच्या 'य'च्या डोक्यावर बसतो आणि शब्दाचे लेखनच बिघडते. म्हणून आधी एनएफसी करावे, मग 'र, हलन्त, जॉइनर' या तीन कोडपॉइंटांच्या जागी 'ऱ, हलन्त' हे दोन घालावेत, आणि हे सर्व केवळ शोधासाठी केलेल्या प्रतीवर करावे. मूळ मजकूर जसा आला तसाच जपून ठेवावा. पॅटर्नमधील शब्दही याच संस्कारातून गेला पाहिजे, हे विसरू नये.

एवढे करूनही आपली न जुळणारी ओळ जुळणार नाही, कारण तिच्यात आकड्यांच्या अगदी आधी झीरो विड्थ स्पेस, यू+२००बी, दडलेली आहे. नावात स्पेस असली तरी युनिकोडच्या वर्गीकरणात ती मोकळी जागा नाही, त्यामुळे मोकळी जागा शोधणारे बॅकस्लॅश-एस तिला ओळखत नाही आणि टोकांच्या मोकळ्या जागा काढणारे स्ट्रिप हे फंक्शन तिला काढत नाही. याउलट नो-ब्रेक स्पेस, यू+००ए०, पायथन ३ मधील बॅकस्लॅश-एसला चालते. आपल्या कामात २००बी निर्धास्तपणे काढून टाकता येईल. केवळ फाइलची पहिलीच ओळ सुटत असेल, तर सुरुवातीला बॉम, म्हणजे फाइलच्या आरंभी येणारी अदृश्य खूण यू+एफईएफएफ, आहे का ते पाहावे. फाइल यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगने उघडली की तो निघून जातो.

बॅकस्लॅश-बीचा प्रश्न मात्र मजकुराचा नाही, तो रेग्युलर एक्स्प्रेशन चालवणाऱ्या पायथनच्या अंगभूत आरई मॉड्यूलचा आहे. हे मॉड्यूल अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांनाच शब्दाचा भाग मानते. काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त त्यात बसत नाहीत. परिणामी 'मराठी' या शब्दावर, शब्दाची सलग अक्षरे पकडणारे, बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस चालवले तर 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हाती येतात. 'दुसऱ्या' हा शब्द कान्याने संपतो आणि पुढे स्पेस असते, म्हणजे दोन्ही बाजूंना शब्दाबाहेरचीच अक्षरे, म्हणून तेथे सीमा पडतच नाही. याची गमतीदार बाजू अशी, की सीमा लावून 'ती' शोधल्यास 'ती आली' मध्ये काहीच सापडत नाही, पण 'तीन' मध्ये 'ती' हमखास सापडते.

यावर दोन मार्ग आहेत. रेजेक्स या नावाचे स्वतंत्र मॉड्यूल बसवल्यास त्यातील बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि बॅकस्लॅश-बी मात्रांसह शब्द नीट ओळखतात. नवे मॉड्यूल नको असेल, तर शब्दाच्या मागे आणि पुढे यू+०९०० ते यू+०९७एफ यांपैकी कोणतेही अक्षर नसावे, अशी नकारात्मक लुकबिहाइंड (मागे पाहणारी) आणि लुकअहेड (पुढे पाहणारी) अट घालावी. 'अ' ते 'ह' एवढीच मर्यादा देऊ नये, कारण मात्रा 'ह'च्या पुढे येतात.

आकड्यांच्या भागाला हात लावण्याची गरज नाही: पायथनमध्ये अंक शोधणारे बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही पकडते आणि इंट हे फंक्शन त्यांची संख्याही करून देते. हाच पॅटर्न पुढे जावास्क्रिप्टमध्ये न्यायचा असेल, तर तेथे बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखते, म्हणून '०' ते '९' ही देवनागरी मर्यादा वेगळी लिहावी लागेल.