संत्र्याच्या सालीचं मार्मलेड करणाऱ्या नवख्यांसाठी

सुरुवात छान करताय, पण साखर-पाकाच्या आधी साल कुठली घेताय ते बघा. बाहेरून येणारी संत्री, माल्टा, मोठी पिवळी लिंबं जहाजातून आठवडेच्या आठवडे प्रवास करतात, वाटेत बुरशी लागू नये म्हणून तोडणीनंतर इमाझालिल, थायाबेंडाझोल अशी बुरशीनाशकं मारतात आणि वर मेणाचा थर देतात. हे औषध मुख्यतः सालीतच राहतं, गरात फार कमी. म्हणजे नुसतं सोलून खाणाऱ्याला फारसं टेन्शन नाही, पण आपण नेमकी सालच खातोय ना!

१. सालीसाठी आपलं नागपुरी किंवा ओळखीच्या बागेतलं फळ घ्या. आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाचं) साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मिळतं. विकणाऱ्याला सरळ विचारा, पॉलिश केलंय का, म्हणजे वर मेण लावलंय का. चकचकीत दिसलं की नवीन लोक हमखास तेच उचलतात (मार्केटवाल्यांना हे बरोब्बर माहीत असतं).

२. सोलायच्या आधी धुवा, नाहीतर सालीवरचं हाताला लागून गरात जातं. साबण नको. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा, १२-१५ मिनिटं. सफरचंदावर २०१७ मध्ये अमेरिकेत हे तपासलं होतं, वरचं थायाबेंडाझोल ८० टक्के गेलं पण बाकीचं सालीत मुरलेलं ते निघालंच नाही, त्यामुळे धुतलं म्हणजे सगळं साफ असं समजू नका.

पेक्टिन (मार्मलेड घट्ट करणारा फळातला घटक), पाकाची तार वगैरे नंतर बघू, आधी अर्धा किलोचीच बॅच लावा.