कॉलेजमध्ये डुलकी काढते, म्हणजे आळशी आहे का मी?

कॉलेजं सुरू झाली की समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, यंदा तर महिन्याभरात चौथ्यांदा. कधी मुलं विचारतात, कधी आई तक्रार घेऊन येते, "मॅडम, एवढी फी भरून ही तिथे जाऊन झोपते हो!" म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

एसवाय बीएस्सीची मुलगी, राहते बदलापूरला, कॉलेज दक्षिण मुंबईत. आठचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, घरी पोचायला साडेसात. लायब्ररीत जर्नलवर डोकं ठेवून झोपलेली असताना कुणीतरी फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला, तोंड उघडं, गालावर जर्नलच्या कडेची लाल रेघ. तेव्हापासून दुपारी डोळा लागूच द्यायचा नाही म्हणून तीन-तीन कटिंग मारायची आणि प्रॅक्टिकलला ब्युरेटचं रीडिंग चुकवायची.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची, स्वतःला लावलेलं लेबल आधी तपासायचं या मताची. पण दोन सेशन्स झाली तरी "मी मुळातच आळशी" याच्यापुढे गाडी सरकेना. तिसऱ्यांदा सहज विचारलं,

"संध्याकाळी लेडीज डब्यात कोण कोण झोपलेलं असतं गं?"

"सगळ्याच. एक काकू तर कुर्ल्यापासून माझ्या खांद्यावर असतात."

"आळशीच असणार."

"नाही हो मॅडम! पहाटे उठून सगळ्यांचे डबे करून येतात त्या."

"आणि तू कितीला उठतेस?"

"पाचला." मग बोटांवर मोजायला लागली, साडेबाराला झोपते, पाचला उठते... "साडेचार तास," म्हणाली आणि डोळे भरून आले.

मी गप्प बसले. अशा वेळी टिश्यूचा बॉक्स पुढे करायचीसुद्धा घाई करू नये, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलंय. आणि त्या दिवशी अजून एक कळलं, मी जो विचार तिला शिकवायला बघत होते तो तिच्याकडे होताच, फक्त काकूंसाठी राखून ठेवलेला.

आता कामाचं. या वयात रात्री सात ते नऊ तास झोप लागते. दुपारी एक ते तीनच्या मध्ये शरीर तसंही मंदावतं, जेवण हलकं असलं तरी, आपली वामकुक्षी काही उगाच आलेली नाही. नासाने वैमानिकांना उड्डाणातच चाळीस मिनिटं विश्रांती दिली होती, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. कॉलेजात वीस मिनिटं पुरे, पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. फोन व्हायब्रेटवर हातात धरा, बॅगेचा पट्टा पायात अडकवा, मुलींनी शक्यतो कॉमन रूममध्ये आणि मैत्रीण शेजारी असताना झोपा. चहा घ्यायचाच तर झोपायच्या आधी घ्या, त्याचा असर चढायला तेवढाच वेळ लागतो. चारनंतर मात्र दोन्ही नको. आणि रात्री आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, किंवा कशातच मन लागत नसेल, तर डुलकीवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या.

ती आता प्रॅक्टिकलच्या आधी कॉमन रूममध्ये वीस मिनिटं झोपते, उशाला तेच जर्नल. रात्रीची रील्स सुटलेली नाहीत अजून, त्यावर आमचं चालू आहे.