बिनपगारी रजेवर युरोपला जाताना
रजा मंजूर झाली म्हणून लगेच तिकीट काढू नका, आधी दिवस मोजा. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवरची शेवटची तारीख लांबची असली तरी मुक्कामाच्या दिवसांचा रकाना वेगळा असतो, गफलत तिथेच होते. प्रवेशाच्या रकान्यात 01, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल तर मध्येच शेंगेनबाहेरच्या लंडनला जाऊन पॅरिसला परतता येणार नाही. जिथे जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करा. विमा किमान 30,000 युरोचा. ऑफिसच्या पत्रात पुन्हा रुजू होण्याची तारीख घालून घ्या. आणि कृपा करून दहा देश पळू नका. एकाच गावात महिनाभर राहा, भाजीवाल्याशी ओळख होऊ द्या. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा.