अकरावीतला मुलगा सकाळी उठत नाही, तेव्हा

"मॅडम, पोरगा दिवसेंदिवस ऐदी होत चाललाय. सकाळी हाक मारली की 'हो, उठलो' म्हणतो आणि परत झोपतो. नंतर विचारलं तर म्हणे, आई, तू आलीच नव्हतीस. तोंडावर खोटं बोलतो हो!"

अकरावी-बारावीच्या मुलांच्या आया माझ्याकडे हीच तक्रार सर्वांत जास्त वेळा घेऊन येतात. ही आई नाशिकची. मुलगा सोळा वर्षांचा, सायन्सला. सातचं कॉलेज, संध्याकाळी क्लास. घरात रोज साडेपाचपासून आरडाओरडा. वडिलांचं ठाम मत की सगळा दोष मोबाईलचा.

खोटं बोलण्याचा मुद्दा मी आधी निकालात काढला. झोपेची थकबाकी असलेल्या मुलाला गाढ झोपेतून ओढून काढलं, तर तोंड उत्तर देतं, पण मेंदू पुरता जागा झालेला नसतो. ते बोलणं स्मरणात राहतच नाही. तो खरंच सांगत होता.

मग दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायला सांगितली, आईने आणि मुलाने वेगवेगळी. फोन रात्री साडेदहाला आईच्या कपाटात. आईच्या वहीतली एक नोंद अशी होती : "फोन कपाटात. ११ ला दिवा बंद. १ वाजता पाणी प्यायला उठले तर जागाच. छताकडे बघत पडलेला." अशा नोंदी बऱ्याच रात्रींच्या होत्या. ते वाचून दाखवताना त्यांचा आवाज खाली आला.

"दिवाळीत आजोळी गेला होता, तेव्हा कसा झोपायचा?" मी विचारलं.

"दोनला झोपायचा, साडेदहाला उठायचा. पण उठला की एकदम ताजातवाना. माझी आई म्हणाली, याला काही झालेलं नाही."

आजीचं निरीक्षण मोलाचं. सलग साडेआठ तास झोपून मूल ताजं होत असेल, तर झोप बिघडलेली नसून तिची वेळ सरकलेली असण्याची शक्यता मोठी. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे, तेच शरीराचं मुख्य घड्याळ. वयात येताना ते उशिराकडे सरकतं. संध्याकाळी वाढणारं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं संप्रेरक, उशिरा वाढू लागतं आणि अकराला डोळ्यांत झोपच नसते. विशीच्या आसपास हे घड्याळ पुन्हा लवकरच्या दिशेला वळू लागतं. काही मुलांत मात्र ते इतकं सरकतं की त्याला विलंबित निद्रा विकार म्हणतात. मोबाईलचा उजेड त्यात भर घालतो, हेही खरं. पण पहाटे जबरदस्तीने उठवल्यावर सर्वांत जास्त कापली जाते ती स्वप्नांची झोप, कारण तिचे लांब टप्पे रात्रीच्या शेवटच्या भागात येतात. शिकलेलं पक्कं व्हायला आणि मन थाऱ्यावर राहायला तीही लागते.

इथे मला मनापासून वाटतं ते सांगते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. चांगलंच झालं. पण लहान मुलं आपोआपच लवकर उठतात. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं ती पंधरा-सोळा वर्षांची मुलं अजून सातच्या तासाला पेंगत बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, असं सांगितलं होतं. हे आपल्याकडे व्हायलाच हवं.

वडिलांचा बेत होता, मेच्या सुट्टीत रोज साडेसहाला गच्चीवर सूर्यनमस्कार. मी थांबवलं. आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्यानंतरचा उजेड घड्याळ लवकरच्या दिशेला आणतो, त्याआधीचा उजेड आणखी उशिराकडे ढकलतो. सुट्टीत साडेदहाला उठणाऱ्या मुलाला साडेसहाच्या उन्हात उभं केलं, तर उपाय उलटा पडायचा.

म्हणून सुरुवात साडेदहालाच. उठल्याबरोबर अर्धा तास गॅलरीत, तिथेच नाश्ता. सावलीत बसलं तरी चालतं, आकाश दिसलं पाहिजे. दर दोन दिवसांनी गजर पंधरा मिनिटं आधी. दुपारची झोप बंद, चारनंतर चहा नाही, रात्री नऊनंतर मोठे दिवे बंद. मेलाटोनिनच्या गोळ्यांबद्दल आईने विचारलं. त्या डॉक्टरांनी दिल्या तरच, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळीच. मूल सुट्टीत भरपूर झोपूनही मरगळलेलंच राहत असेल, जोरात घोरत असेल किंवा आवडत्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावं.

जूनच्या मध्यापर्यंत तो बाराच्या सुमाराला झोपून साडेसहाला उठू लागला. तरी झोप साडेसहाच तास, आणि या वयाला आठ ते दहा लागतात. मी बारावीसाठी दुपारच्या तुकडीचा अर्ज करायला सुचवलं. वडील नाखूश होते, "लवकर निजे, लवकर उठे" ऐकवून झालं, पण शेवटी सही केली. जागा मिळाली. आता बारा ते आठ झोप होते.

परवा आईचा फोन आला : "रविवारी किती वाजेपर्यंत झोपू देऊ?"

म्हटलं, तासभर जास्त झोपू द्या. नऊला पडदे उघडा, आणि हाक एकदाच मारा.