पावसाळ्यात कोंबड्यांना जुलाब होतात, अँटिबायोटिकऐवजी ओवा-लसूण देऊन भागेल का?

तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पन्नासेक गावठी कोंबड्या पाळता असं लिहिलंय, म्हणून आधी विष्ठा बघा. रक्त दिसलं तर तो बहुधा कॉक्सिडिओसिस. तो आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो, जिवाणूंमुळे नाही. तिथे घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका, पिल्लं दोन-तीन दिवसांत मरतात. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठेचा नमुना न्या.

रक्त नसेल आणि पक्षी खात-पीत असतील, तर ओव्याला अर्थ आहे. त्यातलं थायमॉल जिवाणूच्या पेशीचं आवरण सैल करतं आणि आतले घटक बाहेर झिरपतात. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूंवर प्रयोगशाळेत त्याचा परिणाम दिसतो. पण कोंबडीच्या पोटात तेच थायमॉल वरच्या आतड्यातच बरंचसं शोषलं जातं, म्हणून खाद्याच्या कारखान्यात ते आवरणात बंद करून खाद्यात घालतात. लसणाचं तसंच: त्यातलं जिवाणूंवर काम करणारं ॲलिसिन ठेचल्यावर तयार होतं, शिजवलं की जातं. ताजा ठेचा थोडाच घाला. लसूण जास्त झाला तर अंड्यांना वास येतो.

माझं स्पष्ट मत, हे प्रतिबंधासाठी ठीक, उपचारासाठी नाही. युरोपीय संघाने जनावरांच्या वाढीसाठीची अँटिबायोटिकं 2006 पासून बंद केली, भारताने 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली. म्हणून तुमची धडपड मला मनापासून पटते.

आणि खुराड्यातला तूस कोरडा ठेवा हो! आपल्या गोव्यातल्या पावसात ओल्या तुसातच आयमेरियाची विष्ठेतून पडणारी अंड्यासारखी बीजं (ऊसिस्ट) पिकतात.