रिगाहून एका दिवसात त्सेसिसचा भुईकोट

प्रश्न : आमचा मुलगा लॅटव्हियाची राजधानी रिगा येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. त्याला एकच दिवस पूर्ण मोकळा मिळणार असून त्या दिवशी एखादा जुना किल्ला आणि त्याच्या भोवतीचे गाव पाहावे, असे आमच्या मनात आहे. यजमानांना किल्ल्यांचे वेड आहे. परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर त्यांनी पुन्हापुन्हा पाहिले आहेत. माझे गुडघे मात्र दुखतात आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. मोटार भाड्याने न घेता सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, असे ठिकाण कोणते आणि तो दिवस कसा आखावा?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या सगळ्या अटी एकत्र ठेवल्या, तर त्सेसिस हे गाव सर्वांत सोयीचे ठरते. रिगाच्या ईशान्येला सुमारे ९० किलोमीटरवर ते वसलेले आहे, रिगाच्या मध्यवर्ती स्थानकावरून तेथे थेट रेल्वे जाते आणि किल्ला, जुने चर्च, बाजारपेठ व उद्यान ही सारी ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याइतकी जवळ आहेत. रुंदाले येथील राजवाडा पाहा, असे आपल्याला अनेक जण सांगतील. तो देखणा आहे यात शंका नाही. पण तो अठराव्या शतकातील सरदारी थाटाचा महाल आहे, तटबंदीचा किल्ला नव्हे, आणि बसने जायचे तर बाउस्का येथे बस बदलावी लागते. परांड्याच्या बुरुजांवर रमणाऱ्या माणसाने आपला एकमेव दिवस त्यावर खर्च करू नये, असे माझे मत आहे.

त्सेसिसचा किल्ला आपल्याकडच्या भाषेत भुईकोट म्हणावा असा आहे. त्याची कथा आधी वाचून गेल्यास पडक्या भिंतींमध्ये काय शोधायचे ते कळते. बाराव्या शतकात येथे वेंड नावाच्या छोट्या जमातीची लाकडी गढी होती आणि ती ज्या टेकडीवर उभी होती, ती आजही किल्ल्याच्या उद्यानात दिसते. इ. स. १२०२ मध्ये रिगा येथे स्थापन झालेल्या, तलवारबंधू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने तेराव्या शतकाच्या आरंभी या गढीशेजारी दगडी कोट बांधायला घेतला. १२३६ मध्ये साउलेच्या लढाईत या संघाचा दारुण पराभव झाला. पुढच्याच वर्षी तो ट्यूटॉनिक संघ या धर्मयोद्ध्यांच्या मोठ्या जर्मन संघात विलीन होऊन त्याची लिव्होनियन (लिव्होनिया म्हणजे आजच्या लॅटव्हिया-एस्टोनियाचा प्रदेश) शाखा बनली आणि काळाच्या ओघात त्सेसिस हे या शाखेच्या प्रमुखाचे निवासस्थान झाले. वोल्टर फॉन प्लेटेनबर्ग हा या प्रमुखांपैकी सर्वांत नावाजलेला. १४९४ ते १५३५ एवढा दीर्घ काळ त्याने कारभार पाहिला. तोफांचा जमाना आल्यामुळे या काळात किल्ल्याला जाड भिंतींचे गोल बुरूज मिळाले. बुरुजांचा आकार आणि तोफखान्याची वाढ यांचा संबंध आपल्या यजमानांना समजावून सांगण्याची गरज नाही. मुलालाच त्यांच्याकडून तो ऐकता येईल.

१५७७ मध्ये रशियाच्या चौथ्या इव्हानच्या सैन्याने किल्ल्याला वेढा घातला. तोफांचा मारा सुरू झाल्यावर आत अडकलेल्या सुमारे ३०० स्त्री-पुरुषांनी आणि मुलांनी शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा दारूगोळ्याला आग लावून स्वतःला संपवले, असे इतिहास सांगतो. या प्रसंगाची खूण उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांमधूनही मिळाली. पुढे पोलंड-लिथुआनिया, स्वीडन आणि रशिया असे धनी बदलत गेले. १७०३ मध्ये स्वीडन आणि रशिया यांच्यात पेटलेल्या उत्तरेच्या महायुद्धात झालेल्या नासधुशीनंतर किल्ला ओस पडला, आणि म्हणून आज तो पडका दिसतो. त्याच्या बाहेरच्या आवारात अठराव्या शतकात झीव्हर्स घराण्याने बांधलेली टुमदार इमारत ‘नवा किल्ला’ म्हणून ओळखली जाते. तेथे त्सेसिसचे इतिहास आणि कला संग्रहालय आहे.

आता दिवसाची आखणी. सकाळी लवकरची गाडी धरावी आणि तिच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधी स्थानकात पोचावे. रेल बाल्टिका या नव्या मार्गाच्या बांधकामामुळे रिगाच्या स्थानकातील फलाटांकडे जाण्याच्या वाटा अधूनमधून बदलत असतात आणि गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला तेथे धावपळ करणे भाग पडू नये. प्रवास साधारण पावणेदोन तासांचा आहे. सिगुल्डा मागे पडल्यावर गाउया राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील जंगल दोन्ही बाजूंनी सोबत करते आणि सप्टेंबरच्या अखेरीस बर्च व मेपल यांची पाने पिवळी होऊ लागलेली असतात. निघण्याआधीच परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात, कारण या मार्गावर आपल्या लोकलसारखी दर काही मिनिटांनी गाडी नसते. गाडी चुकलीच, तर त्सेसिसहून रिगाला बसही मिळते आणि ती रिगाच्या रेल्वे स्थानकाजवळच्या बस स्थानकावर येऊन थांबते.

त्सेसिस स्थानकातून गावात जाणारा रस्ता सपाट आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या चालीनंतर ऐक्य चौक लागतो. चौकातील उंच स्तंभ हा १९१९ च्या जून महिन्यात येथे झालेल्या लढाईचे स्मारक आहे. लॅटव्हिया आणि एस्टोनिया यांच्या फौजांनी या लढाईत जर्मन नेतृत्वाखालील बाल्टिक सैन्याला मागे रेटले. एस्टोनियात २३ जून हा विजयदिन म्हणून पाळतात, तो याच लढाईमुळे. सोव्हिएत राजवटीने मूळ स्मारक पाडले होते. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा उभारण्यात आले.

चौकातून थेट किल्ल्यावर जावे आणि दुपारचे जेवण होण्याआधीच किल्ला पाहून घ्यावा. तिकीटघरात जुना आणि नवा किल्ला मिळून एकत्र तिकीट मागावे, आणि ज्येष्ठ नागरिक व विद्यार्थी यांना सवलत आहे का, हेही विचारावे. जुन्या किल्ल्यात जाणाऱ्याच्या हाती मेणबत्तीचा कंदील देतात. पश्चिमेकडच्या बुरुजाच्या जिन्यात विजेचे दिवे नाहीत आणि वर जायचे ते या कंदिलाच्या उजेडात. देवगिरीच्या अंधारीत मशाल घेऊन पुढे चालणाऱ्या वाटाड्यामागून जो गेला आहे, त्याला हा अनुभव परका वाटणार नाही. फरक एवढाच, की येथे उजेड आपल्याच हातात असतो आणि वाटही आपणच काढायची असते. जिना भिंतीच्या जाडीतून गेलेला, अरुंद आणि दगडी आहे. एक हात कंदिलात गुंतल्यामुळे आधाराला एकच हात उरतो. त्यामुळे खांद्यावरची पिशवी खालीच ठेवावी, रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि साडी नेसणार असल्यास तो दिवस सलवार-कमीझचा ठरवावा. वर प्लेटेनबर्गच्या काळातील दालन आहे. त्याच्या कमानदार छतावरील नक्षी कंदील उंच धरल्यावरच नीट दिसते, आणि केवळ ते छत पाहण्यासाठीही हा जिना चढावा, असे मला वाटते.

आपल्या गुडघ्यांचा विचार करता आपण मात्र हा जिना चढू नये, असे मी स्पष्टच सुचवीन. उतरताना त्रास अधिक होतो आणि मध्येच माघारी फिरायचे, तर खालून येणाऱ्यांना अडथळा होतो. यजमान व मुलगा वर असतील तेवढ्या वेळात किल्ल्याचे आवार आणि तेथील मध्ययुगीन पद्धतीची बाग पाहता येते. नंतर तिघांनी मिळून उद्यानातील तळ्याच्या काठाने चालत जावे. तेथून पडक्या किल्ल्याचे दर्शन सर्वांत चांगले होते. नव्या किल्ल्यातील संग्रहालयात लॅटव्हियाच्या ध्वजावरील दालन अवश्य पाहावे. तेराव्या शतकातील एका जर्मन पद्यबखरीत त्सेसिसकडच्या योद्ध्यांच्या लाल कापडावर पांढरा पट्टा असलेल्या निशाणाचा उल्लेख येतो आणि आजचा राष्ट्रध्वज त्याच उल्लेखावर आधारलेला आहे.

जेवणाची चिंता करू नये, पण सावध राहावे. लॅटव्हियाचे जेवण मांसाहाराकडे झुकलेले आहे आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतही डुकराचे मांस असते. ‘पीरागी’ नावाचे छोटे खमंग पाव बेकरीत सगळीकडे दिसतात. त्यांच्या पोटात बहुधा तेच सारण असते. राखाडी वाटाण्यांची उसळही परंपरेने त्याच मांसाच्या तुकड्यांसह वाढतात. मागवताना ‘बेझ गाल्यस’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगावे. बटाट्याची धिरडी, राय नावाच्या धान्याचा काळा पाव, बीट आणि कोबीच्या कोशिंबिरी यांवर दोघांचे पोट सहज भरते. सूप मात्र मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि अंडे चालत नसेल तर तेही आधीच सांगावे. आदल्या रात्री मुलाच्या स्वयंपाकघरात धपाटे करून शेंगदाण्याच्या चटणीसह बरोबर नेले, तर उद्यानातील बाकावर उत्तम जेवण होईल. मात्र भारतातून निघताना तूप, पेढे, खवा यांपैकी काही सामानात घालू नये, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. मुलासाठी पेढे नेण्याचा मोह होईल, तो आवरावा.

जेवणानंतर संत जॉनचे चर्च पाहावे. १२८० च्या दशकात बांधलेल्या या चर्चमध्ये प्लेटेनबर्गची समाधी आहे आणि बसायला बाकेही आहेत. तेथून रिगा मार्ग या जुन्या पेठेतून रमतगमत स्थानकाकडे निघावे. पेठेत रस्त्यावर गोटे बसवलेले असल्याने पाय मुरगळण्याचा धोका आहे, विशेषतः पावसात. सप्टेंबरच्या अखेरीस दिवसाचे तापमान दहा-पंधरा अंशांच्या घरात असते, सरी केव्हाही येतात आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. त्यामुळे पाणी आत न शिरणारे जाकीट सोबत असावे आणि परतीची गाडी पाच-साडेपाचच्या आसपासची धरावी. सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात. तुमचा मोकळा दिवस सोमवार असेल, तर किल्ल्याच्या संकेतस्थळावर वेळा पाहूनच निघावे.

प्रश्न : मी पुढील शिक्षणासाठी रिगाला जात आहे. सिगुल्डा आणि त्सेसिस एकाच रेल्वेमार्गावर आहेत, तर दोन्ही एका दिवसात होतील का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : होतील, पण करू नयेत. सिगुल्डा स्थानक जवळ असले, तरी तेथील मुख्य आकर्षण, म्हणजे १२१४ मध्ये बांधायला घेतलेला तुराईदाचा लाल विटांचा किल्ला, गाउया नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. तेथे पोचायला स्थानकावरून बस घ्यावी लागते किंवा नदीवरून जाणाऱ्या, १९६९ पासून चालू असलेल्या तारमार्गाने पलीकडे उतरून पुढे बरेच चालावे लागते. वाटेत गुटमानिसची गुहा लागते. शेकडो वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनी वालुकाश्मात कोरलेली नावे आणि कुलचिन्हे तेथे पाहायला मिळतात. (आपली नावे कोरणाऱ्यांना त्यामुळे उत्तेजन मिळू नये.) एवढे पाहीपर्यंत दुपार उलटते. आपण तर तेथेच राहणार आहात. दोन वेगवेगळे रविवार काढावेत. त्सेसिसच्या दिवशी वेळ उरलाच, तर सुमारे सात किलोमीटरवरील आराइशी येथे टॅक्सीने जावे. तेथे तळ्यातील एका बेटावर नवव्या-दहाव्या शतकातील लाकडी वस्ती उत्खननाच्या आधारे मूळ जागीच पुन्हा उभी केली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही वस्ती तुराईदापेक्षाही अधिक शिकवेल.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांसह जर्मनीतील बहिणीकडे जाणार आहोत. तेथून रिगा आणि त्सेसिस करता येईल का? लॅटव्हियाचा वेगळा व्हिसा लागेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : वेगळा व्हिसा लागत नाही. लॅटव्हिया २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे जर्मनीने दिलेला शेंगेन व्हिसा तेथेही चालतो. फक्त प्रवासाचे मुख्य ठिकाण जर्मनीच असावे आणि व्हिसावर लिहिलेल्या दिवसांची मर्यादा ओलांडू नये. व्हिसासाठी काढलेला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सर्व शेंगेन देशांसाठी आहे, हे विमापत्रावर पाहून घ्यावे. २०१४ पासून लॅटव्हियात युरो हेच चलन असल्याने पैसे बदलण्याची कटकट नाही. जर्मनीपेक्षा तेथील घड्याळ एक तास पुढे असते, हे विमानाच्या वेळा जुळवताना ध्यानात ठेवावे.

अडचण आहे ती उजेडाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि त्यानंतर त्सेसिसमध्ये पाचच्या आतच अंधार पडू लागतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तर चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. शरद ऋतूपासून किल्ल्याच्या वेळाही कमी होतात. म्हणून सकाळची पहिली सोयीची गाडी धरून किल्ला आधी, चर्च नंतर आणि पेठ शेवटी, हाच क्रम ठेवावा. कंदिलाचा जिना मुलांना फार आवडेल, पण लहान मुलाच्या हाती पेटता कंदील देऊ नये. मुलाला पुढे ठेवून मोठ्याने मागून चढावे आणि उतरताना मोठ्याने पुढे व्हावे. हातमोजे आणि कानटोप्या जर्मनीतच घेऊन ठेवाव्यात.