वाचकांचे प्रश्न : घास, गप्पा आणि बाळाचा मेंदू

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दिवसभर त्याला सासूबाई सांभाळतात. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय तो घास तोंडात घेत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे, की गाण्यांतून तो प्राण्यांची नावे शिकतो आणि जेवणही पोटात जाते. शेजारी तर मेंदूच्या विकासासाठी चित्रकार्डांचा महागडा संच आणला आहे. पहिल्या तीन वर्षांत राहिले ते कायमचे राहिले, असे त्या बाई सांगतात. आम्ही मागे पडतो आहोत का?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी तीन वर्षांच्या धास्तीबद्दल. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव भाग असतो, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो सुमारे चार पंचमांश होतो आणि सहाव्या वर्षाच्या आसपास नऊ दशांशाला पोहोचतो. सुरुवातीची वर्षे महत्त्वाची आहेत, ती या अर्थाने. परंतु वजन वाढले म्हणजे जडणघडण संपली असे नाही. स्वतःला आवरणे, पुढचा विचार करणे ही कामे ज्या भागाकडे असतात तो कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. तिसऱ्या वाढदिवसाला दार बंद होते, हे वाक्य कार्डे विकणाऱ्यांच्या सोयीचे आहे.

या वयात मेंदूतील पेशींच्या जोडण्या झपाट्याने वाढतात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि न वापरलेल्या हळूहळू छाटल्या जातात. वापर कशाने होतो, हे समजून घेण्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेला पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतील एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. इंग्रजीभाषक घरांतील नऊ महिन्यांच्या काही बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती बारा वेळा समोर बसून खेळल्या, पुस्तके दाखवत बोलल्या. दुसऱ्या काही बाळांना तोच मजकूर तितक्याच वेळा पडद्यावर दाखवला गेला. पहिल्या गटातील बाळांना चिनी भाषेतील ध्वनींचा फरक ओळखता येऊ लागला. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडले नाही. आवाज तोच आणि शब्दही तेच होते, पण पडद्याला बाळाकडे पाहून थांबता येत नव्हते.

तुमच्या सासूबाईंना ते येते. त्या मेथी निवडत असताना बाळ जुडीकडे बोट दाखवते, त्या काम थांबवून ‘ही मेथी, कडू कडू!’ म्हणतात, बाळ ‘मे’ म्हणते आणि त्यावर त्या हसून पुन्हा काही बोलतात. या अर्ध्या मिनिटात बाळाने लक्ष वेधले, त्याला उत्तर मिळाले, शब्द आणि वस्तू एकाच वेळी हाती आली आणि पुढे बोलण्याची उमेदही मिळाली. अशी देवघेव दिवसातून शेकडो वेळा घडू शकते. अंघोळीच्या वेळी, कपडे वाळत घालताना, जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरताना. तिच्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही आणि चित्रकार्डांचा संचही लागत नाही.

आता जेवणाकडे येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची सूचना अशी, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये (नातेवाइकांशी अधूनमधून होणारे व्हिडिओ कॉल त्याला अपवाद), आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याची खूणही नीट कळत नाही. एका दिवशी ठरवून मोबाईल बाजूला ठेवा. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल आणि खाणेही कमी होईल, याची तयारी ठेवा. निरोगी मूल एवढ्याने अशक्त होत नाही. जेवणाआधी दूध-बिस्किटे देऊ नका, त्याला सर्वांबरोबर ताटाशी बसवा, मऊ भात स्वतःच्या हाताने कालवू द्या आणि सांडले तर सांडू द्या. चिऊचा घास, काऊचा घास ही आपली जुनी रीत निव्वळ लाडाची नव्हे. तिच्यात वाट पाहणे, पाळी आणि प्रतिसाद हे सारे आले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. सासूबाईंच्या हातातील मोबाईल हा बहुधा त्यांच्या थकव्यावरचा उपाय आहे. दीड वर्षाच्या मुलामागे दिवसभर धावणे त्या वयात सोपे नाही. तेव्हा त्यांना दोष देण्यापूर्वी संध्याकाळी घरी आल्यावर बाळाचा ताबा तुम्ही दोघांनी घ्या, त्याच्या बाबांनीही. आणि त्या वेळी स्वतःचे फोन दूर ठेवा. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एका प्रयोगात मातांना काही मिनिटे बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसण्यास सांगितले होते. बाळांनी हसून, हातवारे करून आईला परत बोलते करण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी ती बाळे तोंड फिरवून रडू लागली. फोनमध्ये बुडालेला आपला चेहरा बाळाला याहून फार वेगळा दिसत नसावा.

दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि श्रवणचाचणी करून घ्या.

प्रश्न : मी मराठी, पती कन्नड. मुलगी अडीच वर्षांची आहे. तिचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला प्ले-ग्रुपमधून मिळाला आहे.
— एक आई, बेंगळुरू

उत्तर : हा सल्ला मानू नये. दोन भाषा ऐकल्याने वाणीदोष होत नाही. एका वाक्यात मराठी आणि कन्नड शब्द मिसळणे हा त्या वयाचा नैसर्गिक टप्पा आहे. शब्दसंग्रह पाहायचा तर दोन्ही भाषांतील शब्द मिळून पाहावा. तुम्हाला ज्या भाषेत रागावता, जोजवता आणि थट्टा करता येते तीच तिच्याशी बोला. बेतलेल्या इंग्रजीत आईबापांचे बोलणे आखडते आणि मुलीला मिळणारे उत्तरही तोकडे होते.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातीला बुद्धीसाठी रोज भिजवलेले बदाम आणि एखादे टॉनिक द्यावे का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : बदाम हा चांगला आहार आहे, पण बुद्धीशी त्याचे खास नाते नाही. या वयात अख्खा बदाम किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून कूट करूनच द्यावा. टॉनिकचे पैसे वाचवा. खरी चिंता लोहाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. मज्जातंतूंवरचे आवरण तयार होण्यास आणि मेंदूतील संदेश वाहून नेणारी रसायने बनण्यास लोह लागते. ते कमी पडले तर मूल मलूल राहते, त्याचे लक्ष टिकत नाही आणि बोलण्याखेळण्याची हौसही मावळते. अळिवाची खीर, डाळी आणि पालेभाज्या द्या, त्यांवर लिंबू पिळा. घरात चालत असेल तर अंडे आणि मटणही द्या. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, कारण दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही. शासनाच्या कार्यक्रमात या वयासाठी आठवड्यातून दोनदा १ मि.ली. लोहाचे औषध मिळते. त्याबद्दल आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा. आणि सकाळी आपल्या कपातील चहात बुडवलेले बिस्किट नातीला देत असाल, तर ते थांबवा, कारण चहामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते.